सावली, खडू आणि मोबाईल

अकोल्याच्या जुन्या शहरात मे महिन्यात भर दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. मोर्णेवरून वारा आला तरी तापूनच येतो. अशा वेळी मुलांना अंगणात उभे करणारा मास्तर शहाणा की वेडा, हे तुम्हीच ठरवा. तो मास्तर मी.

मोबाईलवरून विज्ञान शिकवावे की हाताने करून, हा वाद हल्ली फार ऐकू येतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणून धड्याला आवाज आणि चित्र जोडून दिले. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांतही आता ती ठिपक्यांची चौकोनी खूण असते. उलट अरविंद गुप्ता यांचे सगळे शिकवणे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांवर चालते. पण गंमत बघा, त्यांची खेळणी कशी करावी हे आज मूल मोबाईलवरच बघते! तेव्हा भांडणात अर्थ नाही. आधी काय आणि मागून काय, एवढे मात्र पाहावे लागते.

वर्गात विचारा, सूर्य बरोबर डोक्यावर केव्हा येतो? सगळे एका सुरात सांगतील, "रोज बारा वाजता!" मोठी माणसेही हेच सांगतात. वास्तविक कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावी हा योग वर्षातून दोनदाच येतो. दिल्लीला तर कधीच नाही. अकोल्याला तो 23 मेच्या आणि पुन्हा 20 जुलैच्या सुमारास येतो. त्या दिवशी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. अडचण अशी, की मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेले.

म्हणून दोनतीन वर्षांपूर्वी मी सुट्टीत मुलांच्या मोबाईलवर निरोप धाडला. डोक्याला ओला दुपट्टा बांधा, फूटभर लांबीची नळी अंगणात उभी ठेवा, सूर्याकडे बघू नका, सावलीकडे बघा, आणि ती नाहीशी झाली की फोटो पाठवा.

पहिला फोटो आला तो मोठा देखणा. सावलीचा मागमूस नाही. मी ताबडतोब "शाब्बास" लिहून मोकळा झालो. संध्याकाळी एका मुलीचा फोटो आला. शहाबादी फरशी, तीवर खडूच्या रेघाच रेघा, आणि सर्वांत आखूड रेघ चांगली बोटभर. मी लिहिले, "बेटा, तुझी वेळ चुकली असेल."

तिचे उत्तर आले, "सर, बारापासून पाच-पाच मिनिटांनं खुणा केल्या, मंग मिनिटामिनिटाले. बारा एकोणीसले सर्वात लहान झाली, पण गेली नाही. काहून?"

या 'काहून'ने मी जागा झालो. तो देखणा फोटो पुन्हा उघडून पाहिला, तर मागे नारळाची झाडे! आमच्या गल्लीत नारळ कुठला? चित्र इंटरनेटवरून उचललेले होते. पोराला तरी काय बोलायचे? मी चित्र मागितले, त्याने चित्र दिले. शाब्बासकी देणारा मीच.

त्या मुलीच्या घरी मोबाईल एकच. तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. वडील गवंडी आहेत. हाताशी मोबाईल नव्हता म्हणून तिने खडू घेतला, आणि म्हणूनच सावली आखूड होताना आणि पुन्हा वाढताना तिने पाहिली. एका फोटोत हे कुठून दिसणार? रात्री वडिलांनी खुणा पाहिल्या आणि म्हणाले, "आंगणाले मोरीकडे उतार हाय. नळी सरळ कशी उभी राहीन?" दुसऱ्या दिवशी नळीशेजारी ओळंबा धरला, खाली खापराचा तुकडा सरकवून नळी सरळ केली. सावली गेली. वेळ तीच, बारा एकोणीस.

आता दुसरा प्रश्न. "सर, सूर्य मांगं हाय, का आपलं घड्याळ समोर?" आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालते. अकोला सत्त्याहत्तरावर. फरक साडेपाच अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे 22 मिनिटे. मे महिन्याच्या त्या दिवसांत सूर्य तीनेक मिनिटे लवकर येतो, ती वजा करा. मुलीच्या खडूने काढलेली वेळ बरोबर निघते.

जूनअखेर शाळा उघडल्यावर मी कलत्या पृथ्वीची चित्रफीत पडद्यावर लावली. कोणत्याही अंगणातून दिसणार नाही असे ते दृश्य, तिथे पडद्याला तोड नाही. एरवी मुले मुकाट्याने बघतात. त्या दिवशी मात्र, "थांबवा सर, यात अकोला कोठी हाय?" असा गलका झाला.

20 जुलैला अपेक्षेप्रमाणे आभाळ होते. तरी नळी, ओळंबा आणि खडू घेऊन सारा वर्ग साडेबारापर्यंत पटांगणात उभा. ऊन पडलेच नाही, आणि पुढचा तास बुडाला म्हणून गणिताच्या गुरुजींची बोलणी मी खाल्ली ती वेगळीच.