भांडे कोणत्या धातूचे?



दादरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहा. जिकडे तिकडे स्टील! चकचकीत, घासायला सोपे, कल्हईची कटकट नाही. अवश्य घ्यावे. पण त्याच स्टीलच्या पातळ पातेल्यात दूध तापवले, की ते बुडाला लागते. असे का होते?

उष्णता धातूतून चालत जाते. काहींतून भरभर, काहींतून रमतगमत. आपण शाळेसारखे गुण देऊ. तांब्याला 100 दिले, तर चांदीला त्याहून थोडे जास्त. अॅल्युमिनियमला साधारण 60, पितळेला 30च्या आसपास, लोखंडाला 20. आणि स्टेनलेस स्टीलला? अवघे 4! वर्गातला सर्वांत देखणा मुलगा, पण या विषयात शेवटचा.

खरे वाटत नसेल तर घरी करून पाहा. पितळेची पळी आणि तेवढाच लांब नि जाड स्टीलचा चमचा घ्या. दोन्हींच्या दांड्यांवर सारख्याच उंचीवर थिजल्या तुपाचा ठिपका लावा. मग कढत पाण्यात दोन्ही उभे करा. पळीवरचे तूप आधी ओघळेल.

आता दुधाचे पाहू. जाळ बुडाला एका जागी जास्त लागतो. तांब्याच्या बुडात ती उष्णता चहूकडे पसरते. स्टीलमध्ये ती लवकर पसरत नाही. जाळ लागतो तेवढाच भाग फार तापतो नि तिथले दूध करपते. म्हणून तर काही स्टीलच्या पातेल्यांना बाहेरून तांब्याचे बूड चढवतात. तसले महाग वाटले, तर जाड बुडाचे भांडे घ्या आणि आच मंद ठेवा. नुसते पाणी तापवायचे असेल, तर धातूने फारसा फरक पडत नाही. पाणी आपणच खालीवर फिरते आणि उष्णता वाटून घेते. मग आपला पाण्याचा बंब तांब्याचा का? तांबे लोखंडासारखे गंजत नाही, हेही त्याचे एक कारण.

तांब्यापितळेचे काठ मात्र लवकर तापतात. पोरेबाळे हात लावतात आणि भाजतात. सांडशी जवळ हवीच.

कल्हईचेही सांगतो. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो उडाला असेल, तर त्या भांड्यात ताक, चिंचेचे सार ठेवू नका. ते कळकते. पोटात गेले तर ओकाऱ्या होतात. आणि कल्हईचे भांडे चुलीवर रिकामे ठेवू नका. कथील 232 अंशांवरच वितळते, आणि रिकामे भांडे तेवढे तापायला वेळ लागत नाही.