निर्णय कुणाचा, भोग कुणाचे?

अणुबॉम्बची गोष्ट आपल्याला फार दूरची वाटते. पण १९४६ मध्ये जपानचा ताबा घ्यायला ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ज्या फौजा गेल्या, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही होती. या फौजांचं मुख्य बंदर कुरे. पाचोऱ्याहून जळगाव जितकं लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर तिथून हिरोशिमा. मराठी शेतकऱ्यांची पोरं त्या राखेच्या वेशीपर्यंत जाऊन आली!

बॉम्ब टाकला नसता तर जपानवरच्या स्वारीत याहून जास्त माणसं मेली असती, असं समर्थन आजही केलं जातं. पाचोऱ्यातल्या वर्गात मी मुलांना तेही सांगतो. मग शहरांच्या यादीची हकीकत सांगतो. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी यादीतून क्योटो वगळायला लावलं. ९ ऑगस्ट १९४५ ला विमान निघालं ते कोकुरासाठी. तिथं खालचं नीट दिसेना, म्हणून बॉम्ब पडला नागासाकीवर.

वर्ष सरेपर्यंत हिरोशिमा-नागासाकीत मिळून दीड-दोन लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. हिरोशिमाची सादाको ससाकी तेव्हा दोन वर्षांची होती. ती वाचली, पण १९५५ मध्ये, बारा वर्षांची असताना, रक्ताच्या कर्करोगानं गेली. जगाचं युद्ध संपलं होतं, तिच्या घरातलं दहा वर्षं चालूच होतं.

१९९८ पासून आपला देशही उघडपणे अण्वस्त्रधारी आहे. म्हणून बॉम्ब केवढा, एवढंच मुलांनी विचारू नये. तो टाकायचं ठरवतं कोण आणि भोगतं कोण, हेही विचारावं.