बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल बघा

ट्रॅक्टरला सेल्फ मारला, नुसतं 'टक्' झालं, की आपण म्हणतो बॅटरी गेली. थांबा जरा. सेल्फ 200 अँपिअर ओढत असेल आणि टर्मिनलवरच्या पांढऱ्या थरानं 0.01 ओहम रोध आणला, तर 12 पैकी 2 व्होल्ट तिथंच गळतात.

मी काय करतो? गिअर न्यूट्रलला. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं क्लॅम्पवर. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगतो. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष तिथंच.

आधी निगेटिव्ह वायर काढा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. अर्थिंगची वायर चेसिसला बसते तिथला गंजही खरवडा.

पेरणीच्या तोंडावर नव्या बॅटरीचा खर्च करण्याआधी एवढं बघाच!