स्वर ओळखणारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

झिदर हा शब्द आपल्या कानाला परका वाटेल. वाद्य मात्र ओळखीचे आहे. पोकळ पेटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ताणलेल्या, आणि सतारीसारखी लांब मान नाही, अशा वाद्यांना पाश्चात्त्य अभ्यासक झिदर म्हणतात. गवयाच्या मांडीवरचे स्वरमंडळ याच कुळातले, आणि संतूरही. पण या कुळातल्या एका वाद्याला साहित्यात जो मान मिळाला, तो फार थोड्या वाद्यांच्या वाट्याला आला. ते वाद्य म्हणजे चीनचे छिन.

लांबट लाकडी पेटी, तीवर सात तारा. पूर्वी त्या रेशमाच्या असत. पडदे नाहीत, बोट कुठे ठेवायचे हे सांगणाऱ्या 13 खुणा तेवढ्या कडेला जडवलेल्या. आवाज इतका हळुवार की चार माणसे बोलू लागली तर तो बुडून जावा. म्हणूनच असेल, चिनी साहित्यात छिनच्या गोष्टी वाजवणाऱ्याइतक्याच ऐकणाऱ्याच्याही आहेत.

त्यातली सर्वांत जुन्यांपैकी एक गोष्ट बोया आणि झोंग झिची यांची. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या ग्रंथात ती आहे. बोया डोंगर मनात आणून वाजवी, आणि झिचीला डोंगर दिसे. तो वाहते पाणी मनात आणी, आणि झिचीला पाणी दिसे. झिची वारला तेव्हा बोयाने छिन फोडले, तारा तोडल्या आणि पुन्हा कधी वाजवले नाही. पुढे 1624 साली फंग मंगलोंग या लेखकाने आपल्या कथासंग्रहाच्या आरंभीच ही गोष्ट नव्याने सांगितली. त्याच्या कथेत बोया मोठा राजदरबारी अधिकारी आहे आणि झिची साधा लाकूडतोड्या. जाणकारी कुणाच्या दारी येईल, हे पद पाहून ठरत नाही, एवढे तो सांगून जातो. चिनी भाषेत आजही जिवलग मित्राला 'स्वर ओळखणारा' अशा अर्थाचा शब्द आहे, तो या दोघांमुळे.

अठराव्या शतकातल्या 'लाल महालातील स्वप्न' या कादंबरीतही नायिका छिन वाजवत असताना तार तुटते. बाहेर ऐकणारी जोगीण काही न सांगता निघून जाते. तिला जे कळायचे ते कळलेले असते.

उर्दूत अशा माणसाला सुखनफहम म्हणतात. आपण मराठीत दर्दी म्हणतो. मला असा एक दर्दी लाभला होता. आमच्या मोहल्ल्यातले शिंपीकाम करणारे एक चाचा. शाळा चौथीपर्यंतची. मी दुकानात बसून मराठी कविता वाचायचो आणि ते कपडे शिवत ऐकायचे. ओळ बेताची असली की मशीन चालूच राहायचे. चांगली ओळ आली की पाय थांबायचा. 'वाहवा' त्यांनी कधी म्हटले नाही, मला त्याची गरजही पडली नाही. ते गेल्यावर वर्षभर माझी वही कोरी होती. त्या वर्षात बोया मला अगदी जवळचा वाटला.

पण चीननेच या गोष्टीला दुसरी बाजूही दिली आहे. तिसऱ्या शतकात जी कांग नावाचा कवी होऊन गेला. छिनवर त्याने दीर्घ काव्य लिहिले. राजसत्तेची मर्जी राखणे त्याला जमले नाही आणि इ.स. 262 च्या सुमारास त्याला मृत्युदंड झाला. वधस्थळी त्याने उन्हाची सावली पाहिली, छिन मागवले आणि 'ग्वांगलिंग सान' ही रचना वाजवली. नंतर त्याने खंत व्यक्त केली ती एकच: ही रचना शिकव म्हणून एकाने विनवले होते, मी दिली नाही, आता ती माझ्याबरोबर संपणार.

ती संपली नाही. 1425 सालच्या एका स्वरलिपी-ग्रंथात त्या नावाची रचना सापडते. शेकडो वर्षांत ती वाजवणारे उरले नव्हते. विसाव्या शतकात ग्वान फिंगहू या वादकाने ती लिपी एकेक खूण उलगडत पुन्हा बोटांवर आणली.

बोयाचे दुःख मला कळते. पण लिहिणाऱ्याने जी कांगची खंत लक्षात ठेवावी असे वाटते. आजचा श्रोता गेला म्हणून वाद्य फोडले, तर उद्याच्या श्रोत्याने काय ऐकायचे?

याच ग्वान फिंगहूने वाजवलेली 'वाहते पाणी' ही रचना, जी परंपरा बोयाचीच मानते, 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली गेली. सात मिनिटे 37 सेकंद. आणि त्या तबकडीवर तिच्या लगेच पाठोपाठ कोण आहे? गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर, भैरवी गाताना. ग्वान 1967 सालीच गेले होते, केसरबाई यान सुटल्यावर काही दिवसांतच गेल्या. दोघांचे स्वर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे निघाले आहेत. तिकडे ऐकणारा कोणी आहे का, कोण जाणे.

इकडे मात्र आहे. आपल्या घरात, शेजारात कुणी काही लिहीत असेल, गुणगुणत असेल. त्याला पुरस्कार देणे आपल्या हाती नाही. हातातले काम घटकाभर थांबवणे आहे.