खलनायकाचं ‘काहून’

(अमरावती-अकोल्याच्या तरुण कार्यकर्त्यांसमोर अमरावतीत केलेलं भाषण)

सिनेमावर बोलायला गोदीतला हमाल बोलावलात, बरं केलंत. प्राध्यापक आला असता तर त्यानं सौंदर्यशास्त्र सांगितलं असतं आणि आपण जांभया दिल्या असत्या. मी मॅट्रिक. कविता लिहितो, पोटासाठी जहाजावरचा माल उतरवतो. माझ्याजवळ तिकीट काढून पाहिलेले पिक्चर आहेत आणि आपल्या वऱ्हाडीतला एक प्रश्न आहे. काहून?

हिरो काहून मारतो हे पोट्ट्यालाही ठाऊक असतं. खलनायक काहून मारतो, हे विचारून पाहा. पिक्चर कोणाच्या पैशानं आणि कोणाच्या डोक्यानं चालला आहे, ते तिथं उघडं पडतं.

‘मिस्टर इंडिया’ घ्या, १९८७ चा. मोगॅम्बो बेटावर सिंहासन टाकून बसलाय, अख्खा हिंदुस्थान गिळायला निघालाय. काहून? उत्तर नाही. दुष्ट आहे म्हणून दुष्ट. माणसाची लायकी जन्मावरून ठरवणाऱ्या देशात हे कोणाला खटकलंही नाही. पुढच्याच वर्षी ‘शहेनशाह’ आला. दिवसा लाच खाणारा म्हणून वावरणारा फौजदार, रात्री हाताला साखळ्या गुंडाळून न्याय करणारा अमिताभ. आम्ही शिट्ट्या मारल्या, अजूनही टीव्हीवर लागला की मारतो. पण नाव बघा. न्याय हवा तर राजांच्या राजानं रात्री येऊन द्यावा, दिवसा कोर्टकचेरीत मागू नये, असा त्याचा अर्थ निघतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘ब्लॅक पँथर’ आला. नाव आपल्या घरातलं. अमेरिकेतल्या कॉमिकमध्ये हा काळा राजा १९६६ च्या उन्हाळ्यात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. तिच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. म्हणून आपली पोरं हा पिक्चर पाहायला छाती फुगवून गेली.

वाकांडा नावाचं आफ्रिकी राज्य. त्याच्याकडे व्हायब्रेनियम नावाचा धातू, त्यातून जगात कोणाकडे नाही अशी हत्यारं. राजा टचाला, म्हणजेच पँथर. आणि शत्रू किलमाँगर. हा कोण? राजाचाच चुलतभाऊ. त्याचा बाप वाकांडाचा हेर म्हणून ओकलंडला राहिला, तिथल्या काळ्या माणसांचे हाल पाहून पेटला, त्यांच्या हातात हत्यारं द्यायला निघाला. १९९२ मध्ये त्याला त्याच्याच भावानं, म्हणजे राजानं, मारलं. पोरगा मागं टाकून राजा निघून गेला.

तर ह्या खलनायकाला काहून आहे, आणि पक्कं आहे. तो विचारतो, जगभर आपली माणसं गुलाम केली, तुरुंगात कोंबली, तेव्हा एवढी ताकद घेऊन तुम्ही लपून काय करत होतात? सगळ्या पिक्चरमध्ये ह्या प्रश्नाला कोणी धड उत्तर देत नाही. आणि तो चोरवाटेनं येत नाही बरं. वाकांडाच्याच कायद्यानं द्वंद्व मागतो, जिंकतो, गादीवर बसतो. भीक मागत नाही, सत्ता मागतो. बाबासाहेबांनी राजकीय सत्तेला गुरुकिल्ली म्हटलं. हा माणूस किल्लीसाठीच आलेला आहे.

मग पटकथा काय करते पाहा. इतका खरा प्रश्न तोंडात असलेला माणूस लोकांना आवडून जाईल, ही भीती. म्हणून त्याच्याच हातून त्याच्या सोबतिणीला गोळी घालवतात, एका म्हातारीचा गळा धरायला लावतात. आपण दचकतो आणि दचकता दचकता त्याचा प्रश्नही सोडून देतो. त्याची हत्यारं घेऊन विमानं निघतात, ती पाडतो कोण? सी.आय.ए.चा गोरा माणूस. आणि तो चांगल्यांच्या बाजूचा! मित्रांनो, खऱ्या पँथरांच्या मागं अमेरिकन सरकारचं गुप्त खातं कसं लागलं होतं? शिकागोत फ्रेड हॅम्प्टन नावाचा २१ वर्षांचा पँथर पुढारी होता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याला त्याच्या बिछान्यात गोळ्या घातल्या. घराचा नकाशा एफ.बी.आय.च्या खबऱ्यानं दिलेला होता. त्या सरकारचा माणूस पँथरच्या पिक्चरमध्ये दोस्त होऊन येतो, च्यायला, याला काय म्हणावं.

कोणी म्हणेल, तू खुनी माणसाची वकिली करतोस. नाही करत. किलमाँगर अमेरिकन फौजेत माणसं मारायला शिकला, आणि गादी मिळाल्यावर साम्राज्याचीच भाषा बोलायला लागला. मालकाचं हत्यार घेतलं, त्याबरोबर मालकाची अक्कलही घेतली. हा त्याचा खरा पराभव, आणि दिग्दर्शक रायन कूगलरला तो दिसलेला आहे, हे मान्य केलं पाहिजे. तो स्वतः ओकलंडचा. डिस्नेच्या पैशानं, १.३ अब्ज डॉलरहून जास्त कमावणाऱ्या पिक्चरमध्ये त्यानं एवढा प्रश्न घुसवला, हेही कमी नाही.

मरताना किलमाँगर म्हणतो की मला बरा करू नका, समुद्रात टाका. माझे पूर्वज जहाजांतून उड्या मारून मेले, कारण बेडीपेक्षा मरण बरं हे त्यांना कळत होतं. थिएटरात माझ्या शेजारचा पोऱ्या पॉपकॉर्न खात होता. मी जहाजाच्या पोटात उतरतो, तिथला अंधार, तिथला उकाडा मला माहीत आहे. त्या खणात माणसं माल म्हणून रचली होती, हे मला कोणी समजावून द्यायला नको होतं.

शेवट काय? राजा ओकलंडमध्ये इमारती विकत घेतो आणि गरिबांसाठी केंद्र उघडतो. टाळ्या. त्याच ओकलंडमध्ये १९६९ मध्ये खऱ्या पँथरांनी शाळेत जाणाऱ्या पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. वर्गणी गोळा करून, स्वतः शिजवून. त्याच वर्षी एफ.बी.आय.चा प्रमुख हूव्हर म्हणाला की देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका ह्यांचाच. पोरांच्या पोटात अन्न दोन्हीकडे जातं. एका ठिकाणी राजा देतो, दुसऱ्या ठिकाणी वस्ती स्वतः उभी राहते. सरकारला कशाची भीती वाटली ते बघा.

हे दूरचं वाटत असेल तर आपल्याकडे या. जोतीबांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. म्हणजे हा धागा पँथरच्याही शंभर वर्षं आधीचा. त्यात त्यांनी जुनी पटकथाच उलटी केली. पुराणात वामन देव आणि बळी दैत्य. बळीचा गुन्हा काय? दान दिलं. त्याला तीन पावलांत पाताळात घातला आणि घालणाऱ्याची पूजा सुरू झाली. आपल्या बाया मात्र ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतच राहिल्या.

वऱ्हाडात तर खलनायकांची ठाणीच आहेत. पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला दहा तोंडांच्या रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे, दसऱ्याला तिथं त्याची पूजा होते. तिथले लोक रामालाही मानतात, उगाच आपल्या सोयीचं सांगत नाही. मेळघाटातले कोरकू होळीच्या दिवसांत मेघनाथाला पुजतात. आणि चिखलदरा म्हणजे कीचकाचा दरा, भीमानं त्याला मारून तिथं फेकला म्हणतात. कीचकाची बाजू मी घेणार नाही. बाईवर हात टाकणाऱ्याला काहून नसतं. खलनायक म्हटला की आपला, असा बावळटपणा आपण करू नये. प्रत्येकाचं काहून तपासून घ्यावं.

‘ब्लॅक पँथर’ आला त्याच्या दीड महिना आधी काय झालं होतं आठवा. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला लोकांवर दगड पडले. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, त्याची हाक अकोल्यातून दोनदा खासदार झालेल्या प्रकाश आंबेडकरांनी दिली होती. टीव्हीवर काय दिसलं? जळणारे टायर, अडलेल्या गाड्या. नंतर पोरांवर गुन्हे दाखल झाले. अगदी तीच पटकथा. प्रश्न कापायचा, दगड तेवढा दाखवायचा.

ह्याच अमरावतीत १९२७ च्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीच्या देवळात शिरण्याचा हक्क हा विषय होता. थिएटर होतं, पण त्या दिवशी खेळ दुसऱ्या कोणी लिहिलेला नव्हता. ज्यांना धर्म बुडवणारे म्हटलं जात होतं त्यांनी आपलं काहून स्टेजवरून स्वतः सांगितलं.

तुमच्यात नाटकं लिहिणारे दोघंतिघं बसलेत, मी ओळखतो. त्यांनी किलमाँगरचा शेवट बदलून आणावा. तो गादीवर बसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करेल, तेवढा एकच प्रवेश. सोबतिणीला गोळी न घालता. मला जमला नाही, तीनदा फाडला.

आता तुम्ही बोला. मला बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडायची आहे, उद्या दुसरी पाळी आहे.