मऊ कवचाची अंडी : कारणे आणि उपाय

(कळमनुरी तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा माणूस. सोयाबीन, हळद, तूर यांवर बोलणे माझे काम. आज मात्र परसातल्या कोंबड्यांविषयी बोलणार आहे. कारण गेल्या खेपेला शिवारफेरी संपल्यावर एका भगिनीने मला बाजूला बोलावून विचारले, "साहेब, माझी कोंबडी बिनटरफलाचं अंडं घालते. हात लावला की फुटतं. कापून खावी का?" घरातला मीठ-मिरचीचा आणि पोरांच्या वह्या-पेनांचा खर्च याच अंड्यांवर निघतो. म्हणून हा प्रश्न लहान समजू नये.

प्रथम कवच कसे तयार होते ते पाहू. कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच असतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळपास २० तास फक्त कवच चढण्यात जातात आणि हे काम मुख्यतः रात्री चालते. कोंबडी खाल्लेले सगळे कॅल्शियम वापरू शकत नाही. म्हणून रोज अंडे देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम कॅल्शियम असावे लागते.

आता आपण काय देतो ते पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम ०.०२५ ग्रॅमच्या आसपास असते. मक्यात तर त्याहूनही कमी. नुसत्या दाण्यावर कवच होत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि उकिरड्यावर, बांधावर फिरून किडे, गोगलगायी, हिरवा पाला, चुनखडीचे खडे वेचते. तिचे भागते. परंतु गिरिराज, वनराज यांसारखी सुधारित कोंबडी वर्षाला शंभराच्या वर अंडी देते. ती आपण खुराड्यात कोंडली आणि गावरान कोंबडीसारखी ज्वारी टाकली, तर ती आपल्या हाडांतले कॅल्शियम काढून कवच बनवते. तेही संपले की अंडी मऊ पडतात आणि पुढे कोंबडी पायावर बसते. जास्त उत्पन्न देणाऱ्या वाणाला खत जास्त लागते, हे आपल्याला माहीत आहेच.

दुसरी गोष्ट. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते. जमिनीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते पिकाला मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. कोंबडीचेही तसेच आहे. पोटात कॅल्शियम गेले तरी ड-३ जीवनसत्त्वाशिवाय ते अंगी लागत नाही. हे जीवनसत्त्व उन्हाने मिळते. म्हणून अंधाऱ्या खुराड्यात दिवसभर कोंबड्या कोंडू नयेत.

आता उपाय. शिंपल्याची भरड वेगळ्या भांड्यात कायम ठेवावी. खाद्यात मिसळण्याची गरज नाही, गरज असलेली कोंबडी आपणहून खाते. भरड तुरीच्या डाळीएवढी जाड असावी, पीठ करू नये. जाड तुकडा पेटीत राहून रात्रभर हळूहळू विरघळतो आणि कवच चढते तेही रात्रीच. कयाधू, पूर्णेच्या काठी मिळणारे रिकामे शिंपले धुऊन, वाळवून कुटले तरी चालतील. घरातली अंड्यांची टरफलेही दहा मिनिटे उकळून, वाळवून, बारीक करून द्यावीत. अखंड टरफल टाकू नये, कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची सवय लागते.

पुष्कळ जण चुन्याची निवळी पाजतात. एक लिटर निवळीत कॅल्शियम जेमतेम एक ग्रॅम असते आणि कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. हिशेब तुम्हीच करा. खायचा चुना खाद्यात कालवू नये, तोंड व पोट भाजते. अंड्यावर न आलेल्या तलंगांना जास्त कॅल्शियम देऊ नये, मूत्रपिंडे बिघडतात.

उन्हाळ्यात कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यामुळे रक्तातील कवचासाठी लागणारा घटक कमी होतो, शिवाय ती खातेही कमी. एप्रिल-मे मध्ये खुराड्यावर पाचट टाकून पाणी शिंपडावे, पिण्याचे पाणी माठात ठेवावे, खाद्य पहाटे आणि सायंकाळी द्यावे. कुत्रे-मांजर मागे लागले, फटाके वाजले तरी अंडे वेळेआधी बाहेर पडते. तलंगेची पहिली दोन-चार अंडीही मऊ निघू शकतात. अशा वेळी घाबरू नये. मऊ अंडे मात्र विकू नये आणि रवणीलाही ठेवू नये.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सेनगाव तालुक्यातील माझ्या मावशीने निरोप धाडला की चौदाही कोंबड्यांची अंडी एकाएकी मऊ पडली. मी न पाहताच सांगितले, "शिंपला द्या." आठ दिवसांत दहा कोंबड्या मेल्या. पशुवैद्यकांनी पाहून सांगितले, राणीखेत. ज्याला आपण मानमोडी म्हणतो. या रोगात अंडी घटतात आणि मऊ, वेडीवाकडी होतात. मावशीने मला बोल लावला नाही, पण त्या वर्षी तिची अंड्यांची विक्री बंद झाली.

तेव्हापासून मी आधी विचारतो: एक कोंबडी की सगळा कळप? हळूहळू की एकाएकी? एकाच कोंबडीचे अंडे मऊ असेल तर भरड द्या, ऊन द्या, दोन आठवडे वाट पाहा. सगळ्यांची अंडी एकदम मऊ पडली, हिरवट हगवण, घरघर किंवा मान वाकडी दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आजारी कोंबड्या वेगळ्या करा. बाजारात नेऊन विकू नका, रोग दुसऱ्याच्या दारात जातो. राणीखेतवर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावी. लस बर्फात ठेवूनच आणावी. शेजारच्या चार घरांनी मिळून टोचून घेतली तर खर्चही कमी येतो.

त्या भगिनीची कोंबडी सुधारित जातीची होती, दिवसभर कोंडलेली आणि फक्त ज्वारीवर. कापू नका, मोकळी सोडा आणि भरड द्या, असे मी सांगितले. आज त्या इथे समोरच बसल्या आहेत आणि कोंबडी अंडी देते आहे.