मतदानाविना निर्णय

एकमेकांना जन्मभर ओळखणाऱ्या माणसांच्या सभेत हात वर करून मते मोजणे जड जाते. आज ज्याचा पराभव करायचा, त्याच्याशीच उद्या पाणवठ्यावर गाठ पडायची असते. म्हणून असे समाज बहुमतापेक्षा सर्वसंमती पसंत करतात. ही रीत सौम्य खरी; परंतु तिची किंमत कोण देतो, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यासाठी सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाचे उदाहरण घेतो.

क्वेकरांच्या सभेत मतदान होत नाही. सभा मौनाने सुरू होते. ज्याला बोलावेसे वाटेल तो उभा राहून बोलतो; दोन भाषणांमध्ये काही काळ शांतता पाळली जाते. सभेचा लेखक सभेचा कल पारखतो, ठराव तेथल्या तेथे लिहून वाचून दाखवतो आणि तो मान्य आहे काय, असे विचारतो. एखाद्याला तो पटला नाही, तर आपले मत निराळे असल्याचे सांगूनही तो आड न येता बाजूला होऊ शकतो. तेवढ्याने भागले नाही, तर विषय पुढच्या सभेवर जातो. स्वतः क्वेकर याला सर्वसंमती म्हणायला फारसे राजी नसतात. आपण ईश्वरी प्रेरणेचा शोध घेत असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. तथापि सभेत सर्वांच्या शब्दांना सारखे वजन नसते, हे गावकीत बसलेल्या माणसाला सांगायला नको.

१६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध सादर केला. मासिक सभेने हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा मानून त्रैमासिक सभेकडे धाडला, तिने वार्षिक सभेकडे. आणि वार्षिक सभेने त्यावर निर्णय देणे उचित नाही असे ठरवले. निषेध कोणी खोडून काढला नाही. तो नुसता बाजूला राहिला. गुलाम बाळगणारे सधन लोक याच समाजाचे सभासद होते. १७३८ मध्ये बेंजामिन ले याने आतून पोखरलेल्या पुस्तकात तांबड्या रसाची पिशवी दडवली आणि भर सभेत तलवार खुपसून तो रस आसपासच्यांवर उडवला. समाजाने त्याला आपला मानण्याचे नाकारले. एकमत टिकवण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो आपल्याला अपरिचित नाही.

शिंपीकाम करणाऱ्या जॉन वूलमनची रीत वेगळी होती. तो मालकांच्या घरी जाई, शांतपणे बोले, आणि मुक्कामात गुलामांनी केलेल्या सेवेचा मोबदला त्यांना देऊ पाही. १७५८ च्या वार्षिक सभेत, वाट पाहण्याचा सल्ला देणाऱ्यांना त्याने विरोध केला. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना समाजाच्या कारभारापासून दूर ठेवावे आणि मालकांची मने वळवण्यासाठी माणसे पाठवावीत, असे त्या सभेने ठरवले. १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यास समाजात स्थान उरले नाही. वूलमन १७७२ मध्येच वारला होता. अनेक वर्षे घरोघर बोलणे झाले असल्याने हा नियम केवळ कागदावर राहिला नाही, हे या पद्धतीचे मोठेच श्रेय होय. परंतु मधली ८८ वर्षे गुलामांच्या आयुष्यातून गेली, आणि निर्णयाच्या त्या बैठकीत त्यांना जागा नव्हती.

आपल्याकडे गावाच्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्यांनीही बैठकीत कोण बसत असे आणि कोणाला दूर उभे राहावे लागे, हे पाहिले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांवर जी कठोर टीका केली, तिचा विसर पडू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात निर्णय सर्वसंमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. तेथे अभ्यासगटात आधी विषयाची फोड होते, आणि स्त्रियांनीही ग्रामसभेत बसावे असा आग्रह असतो. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हापासून त्या जंगलातील बांबू केव्हा आणि किती तोडायचा, हा विषयही याच सभेपुढे येऊ लागला.